त्र्यंबकाचा डोळा, नाशिकचा हिरा : एका लुटीचे कथनरूप

इतिहासातील काही वस्तू घटनांपेक्षा कथांमुळे अधिक टिकतात. इंग्रजीत ‘नासक’ या नावाने ओळखला जाणारा हिरा हा अशा वस्तूंपैकी एक होय. रत्नव्यवहारावरील लेखनात त्याचा वृत्तान्त ठरावीक क्रमाने येतो. गोवळकोंड्याच्या खाणीत तो सापडला, इ. स. १५०० च्या सुमारापासून १८१७ पर्यंत तो त्र्यंबकेश्वरी शिवाच्या नेत्रस्थानी होता, तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात तो इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क असा फिरत राहिला. या वृत्तान्तातील उत्तरार्धाला विक्रीच्या नोंदींचा आधार आहे. पूर्वार्धाचे स्वरूप मात्र कथेचे आहे. एकाच वृत्तान्तात जमाखर्च आणि दंतकथा अशा दोन भिन्न प्रकृतींच्या संहिता सांधलेल्या असतील, तर त्यांचा सांधा नेमका कोठे आणि कोणासाठी घातला गेला, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच समीक्षेचाही आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. त्यानंतर पेशवाईचा लष्करी कणा मोडला, तरी किल्ले आणि त्यांतील द्रव्य शिल्लक होते. एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेने अंकाई, राजधेर, चांदवड या मार्गाने येऊन नाशिक व त्र्यंबक घेतले. मालेगावचा किल्ला जूनपर्यंत झुंजला. ३ जून रोजी दुसरा बाजीराव धोलकोट येथे माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ती गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्र्यंबकजी डेंगळेही नाशिक परिसरातच पकडले गेले.

या धावपळीला केवळ भूमी जिंकण्याचा हेतू नव्हता. तत्कालीन ब्रिटिश लष्करी व्यवस्थेत युद्धात हाती आलेले द्रव्य सैन्यात दर्जानुसार वाटले जाई. त्यामुळे ज्या तुकडीने प्रत्यक्ष जप्ती केली, तिचा हक्क मोठा की दूर राहून मोहिमेला पाठबळ देणाऱ्या फौजेचाही त्यात वाटा, हा वाद उभा राहणे अटळ होते. गव्हर्नर जनरल व सरसेनापती असलेल्या मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जची मोठी फौज आणि सर टॉमस हिस्लॉपची दख्खन फौज यांच्यात तो झाला. ‘दख्खनची लूट’ या नावाने हे प्रकरण लंडनच्या राजकोषापर्यंत गेले आणि तिच्या वाटपासाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टन व चार्ल्स आर्बथनॉट यांना विश्वस्त नेमावे लागले. लढाई काही महिन्यांत आटोपली, हिश्शाचे भांडण मात्र वर्षानुवर्षे चालले. या भांडणातील सर्व दावेदार जेत्यांपैकीच होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

जितांपैकी कोणी दावा केला असता काय झाले असते, याचे उत्तर एका प्रसिद्ध खटल्यात मिळते. पेशव्यांच्या पदरी असलेले नारो गोविंद औटी यांच्याकडील मोठी रक्कम पुणे पडल्यानंतर जप्त करण्यात आली होती. त्यांच्या वारसपक्षाने एल्फिन्स्टन व कॅप्टन रॉबर्ट्सन यांच्याविरुद्ध मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकलाही. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. युद्ध पुरते संपले नसताना झालेल्या जप्तीचा विचार करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. औटींची मालमत्ता खाजगी होती की नाही, यापेक्षा जप्तीची क्रिया ‘युद्ध’ या शब्दाच्या कक्षेत बसते की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरला. एका शब्दाच्या व्याप्तीने दावेदाराचे अस्तित्वच पुसले गेले.

या पार्श्वभूमीवर नासक हिऱ्याच्या प्रचलित कथेतील क्रियापदे तपासण्यासारखी आहेत. एका पाठात इंग्रजांनी तो मंदिरातून ‘लुटला’. दुसऱ्या पाठात बाजीरावाने तो कर्नल ब्रिग्ज याला ‘सुपूर्द केला’ आणि ब्रिग्जने हेस्टिंग्जकडे पोहोचवला. पहिल्या पाठात पेशवा नाही, दुसऱ्यात देव नाही. सुपूर्द केलेल्या वस्तूला लूट म्हणता येत नाही आणि लुटलेल्या वस्तूला देणारा नसतो. तरीही हे दोन्ही पाठ पुष्कळदा एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. शिवाय १८१८ मध्ये खानदेशचा कारभार पाहणारा जॉन ब्रिग्ज कॅप्टन होता आणि बाजीराव शरण गेला तो माल्कमला. फिरिश्त्याच्या ग्रंथाचा अनुवादक म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा अधिकारी कथेत आधीच ‘कर्नल’ होऊन वावरतो. हा तपशील क्षुल्लक वाटला, तरी कथा घटनेच्या वेळी नव्हे तर नंतर रचली गेली, याची ती खूण आहे.

‘नेत्र’ या कल्पनेचा विचार अधिक काळजीपूर्वक करावा लागतो. त्र्यंबकेश्वरचे विद्यमान पाषाणमंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभारले जाऊ लागले. गर्भगृहातील लिंग हे मुख व डोळे असलेली मूर्ती नाही. तेथे एक खोलगट जागा असून तीत ब्रह्मा, विष्णू व महेश यांची प्रतीके मानली जाणारी अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. अशा लिंगाच्या ‘डोळ्यात’ हिरा बसवण्याची कल्पना मूर्तीच्या रूपाशी जुळत नाही. हिरा देवस्थानच्या मुकुटात, मुखवट्यात वा जवाहिरात असणे मात्र सहज शक्य आहे. त्र्यंबकेश्वरी रत्नजडित मुकुटाची परंपरा आहेच. दुसरीकडे ‘त्र्यंबक’ या नावाचा रूढ अर्थच तीन नेत्रांचा असा आहे. म्हणजे स्थानिक श्रद्धेत जे नामातून आलेले रूपक होते, ते पाश्चात्त्य वृत्तान्तात वस्तूचे वर्णन झाले, असे म्हणता येईल.

हे स्थित्यंतर त्या काळातील एका व्यापक आशयसूत्राशी सुसंगत आहे. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीचा आरंभ १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीने होतो आणि तिच्या केंद्रस्थानी चंद्रदेवाच्या मूर्तीच्या कपाळावरील हिरा आहे. रशियाच्या राजदंडातील रत्न पूर्वी एका हिंदी मूर्तीचा डोळा होते, या प्रवादाचा उल्लेख कॉलिन्सने प्रस्तावनेत केला आहे. मूर्तीचा डोळा, परकीय सैनिक, रत्नामागून येणारा शाप ही त्रयी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाचकाच्या परिचयाची झाली. या कथेत लुटीचा अपराध मान्य होतो. पण तो कोणा संस्थेचा अपराध राहत नाही, एका लोभी व्यक्तीचा होतो आणि त्याचे शासन दैव करते. न्यायालयाची गरजच उरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने जो प्रश्न अधिकारकक्षेबाहेर ठेवला, तो कादंबरीने शापाच्या स्वाधीन केला.

बाजाराने मात्र त्याच कथेचे मोल केले. सुमारे ९० कॅरटचा हा हिरा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने १८१८ मध्ये सुमारे ३,००० पौंडांना घेतला आणि पुढे त्याला नवे पैलू पाडले. १८३७ च्या लिलावात त्याला ७,२०० पौंड मिळाले आणि तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. १९२७ मध्ये तो पॅरिसच्या जवाहिऱ्याला विकला गेला. अमेरिकेत आणला गेला तेव्हा त्यावरील आयातकराचा वाद न्यायालयात पोहोचला. तो शंभर वर्षांहून जुनी कलात्मक पुरावस्तू म्हणून करमुक्त आहे, की केवळ पैलू पाडलेला हिरा आहे, असा तेथे प्रश्न होता. तेथेही देव पक्षकार नव्हता, त्याचे प्राचीनत्व तेवढे आयातदाराच्या उपयोगी होते. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने घेतल्यानंतर हिरा पुन्हा कापला गेला आणि त्याचे वजन ४३.३८ कॅरट झाले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. म्हणजे त्र्यंबकेश्वरहून गेला असे म्हणतात, त्या दगडाचा निम्म्याहून अधिक भाग आता अस्तित्वातच नाही. कथा मात्र अखंड आहे, किंबहुना दगड घटत गेला तसतशी ती वाढत गेली.

नावाचाही विचार केला पाहिजे. या हिऱ्याला देवाचे नाव मिळाले नाही, पेशव्याचे नाही आणि गोवळकोंड्याचेही नाही. मिळाले ते नाशिकचे, आणि तेही इंग्रजी लेखणीने घडवलेल्या रूपात. एखादे शहर आपल्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या वस्तूला कधी पाहूही शकत नाही, हा विरोधाभास करुण आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने या कालखंडाकडे अनेकदा वळून पाहिले. ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’ व ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्यांनी त्र्यंबकजी आणि बाजीराव यांच्या चारित्र्याचा पुनर्विचार केला. मात्र ‘दोषी कोण’ या प्रश्नाभोवती फिरणाऱ्या वाङ्मयीन परंपरेत ‘मालक कोण’ हा प्रश्न सहसा दुय्यम राहिला.

आज तो प्रश्न पुन्हा विचारला जातो, तेव्हा परिस्थिती बदललेली आहे. देवता ही विधिक व्यक्ती असू शकते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनेच १९२५ मध्ये मान्य केले आणि १९९१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने तमिळनाडूतील पाथूर येथील नटराजाच्या बाबतीत मंदिराचा दावा स्वीकारला. सातारा येथे २०२४ मध्ये आलेली वाघनखे उसनी आहेत. पिप्राहवा येथील बौद्ध अवशेषांशी संबंधित रत्ने २०२५ मध्ये लिलावापासून वाचून भारतात परतली. मात्र युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही. १८१८ ची लूट त्याच्या कक्षेत येत नाही.

म्हणूनच दाव्याची भाषा महत्त्वाची ठरते. ‘शिवाचा डोळा परत द्या’ ही मागणी भावनेला भिडते. पण ती करताना मागणी करणारा नकळत जवाहिऱ्यांच्या आणि साहसकथांच्याच भाषेत बोलू लागतो, आणि लिंगाच्या रूपाशी न जुळणारा एक तपशील संपूर्ण दाव्याला दुबळे करतो. याउलट युद्धकालीन जप्ती, हिश्शाचा वाद, औटी खटल्यातील नकार आणि विक्रीच्या नोंदी यांची साखळी सांगणारा दावा कमी रम्य, परंतु अधिक बळकट असेल. देवस्थानची दप्तरे, पेशव्यांच्या जामदारखान्याचे कागद आणि दख्खनच्या लुटीच्या याद्या एकत्र ठेवून वाचण्याचे काम इतिहासकाराचे आहे. त्या कागदांतील ‘सुपूर्द’, ‘जप्त’ आणि ‘लूट’ या शब्दांतील अंतर दाखवण्याचे काम समीक्षकाचे. १८३० मध्ये दावेदाराचे अस्तित्व एका शब्दाने पुसले. ते पुन्हा उभे करायचे, तर आरंभही शब्दांपासूनच करावा लागेल.