घर एक, एजंट किती? इंग्लंडमधील घरविक्रीच्या दलालीचा इतिहास

घर विकायला काढल्यावर ते एकाच एजंटाकडे सोपवायचे की चार-पाच जणांना सांगून ठेवायचे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये सामान्य माणसापुढे आला तो विसाव्या शतकात. त्याआधी विकणारेच थोडे होते. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथली दहातली सुमारे नऊ घरे भाड्याची होती. मोठ्या मिळकती आणि शेतजमिनी बहुतेक लिलावात जात. त्यासाठी लंडनच्या बार्थोलोम्यू लेनमध्ये १८१० साली ऑक्शन मार्ट नावाची खास इमारतच उभी राहिली. लिलाव पुकारणारा एक, दिवस ठरलेला आणि हातोडा पडला की सौदा पक्का. अशा व्यवहारात अनेक मध्यस्थांना वाव नव्हता. लहान घरांचे एजंट होते, पण त्यांचा मुख्य धंदा भाडेकरू आणण्याचा आणि भाडे वसूल करण्याचा.

१९१९ ते १९३९ या वीस वर्षांत चित्र पालटले. या काळात चाळीस लाखांच्या आसपास नवी घरे बांधली गेली. बिल्डिंग सोसायट्यांच्या कर्जामुळे कारकून आणि शिक्षकही घरमालक झाले. आज ना उद्या या माणसांना घर बदलावे लागणार होते आणि लिलावाचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. जाहिरात द्यायची, गिऱ्हाइकाला घर दाखवायचे, भाव जुळवायचा आणि सौदा झाला तरच टक्केवारी घ्यायची, असे काम करणाऱ्या एजंटाचे दिवस इथून सुरू झाले.

या व्यवहारातली खरी अडचण टक्केवारीत नव्हती, जोखमीत होती. सौदा फिसकटला तर जाहिरातीचा खर्च आणि वाया गेलेले दिवस कोणाच्या अंगावर? मालकाने चार एजंटांना सांगितले असेल, तर तिघांची मेहनत हमखास फुकट जाणार. एक की अनेक, या वादाचा पुढचा सारा इतिहास ही जोखीम एकमेकांवर ढकलण्याचा इतिहास आहे.

एजंटांचा पहिला उपाय होता ‘सोल एजन्सी’. ठरावीक मुदतीपर्यंत घर फक्त आमच्याकडेच, असा हा करार. पण त्याचा नेमका अर्थ काय, हे कोर्टात गेल्यावरच कळले. ‘बेंटॉल, हॉर्सली अँड बाल्ड्री विरुद्ध व्हिकरी’ या खटल्यात मालकाने एका फर्मला सहा महिन्यांसाठी एकमेव एजंट नेमले होते. मुदत चालू असतानाच त्याने स्वतः गिऱ्हाईक शोधले आणि घर विकून टाकले. फर्मने दलाली मागितली. १९३१ च्या निकालपत्रांत छापलेला न्यायमूर्ती मॅकार्डी यांचा निर्णय मालकाच्या बाजूने आहे. एकमेव एजंट नेमला म्हणजे दुसरा एजंट नेमायचा नाही, एवढेच मालकाने कबूल केले होते. स्वतःचे घर स्वतः विकण्याचा हक्क त्याने कोणाला दिलेला नव्हता. दुसऱ्या एजंटामार्फत विकले तर मात्र भरपाई द्यावी लागते, हे १९३९ च्या ‘हॅम्प्टन अँड सन्स विरुद्ध जॉर्ज’ या निकालाने स्पष्ट झाले.

या साऱ्या निकालांत सर्वांत वजनदार ठरला तो ‘लक्सर (ईस्टबोर्न) विरुद्ध कूपर’. तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. काही सिनेमागृहे विकायची होती. किमान १,८५,००० पौंड देणारे गिऱ्हाईक आणले आणि व्यवहार पुरा झाला, तर १०,००० पौंड दलाली, असे ठरले. एजंटाने तेवढी किंमत द्यायला तयार असलेले गिऱ्हाईक आणले, पण मालक कंपन्यांनी ऐनवेळी सिनेमागृहे विकायचीच नाहीत असे ठरवले. आपल्या बाजूचे काम आपण चोख केले, मालकाला विनाकारण माघार घेता येऊ नये, असे एजंटाचे म्हणणे. खालच्या अपील कोर्टाला ते पटले. तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ च्या निकालपत्रांत छापलेल्या निर्णयात ते फेटाळले. दलाली व्यवहार पुरा होण्यावर अवलंबून ठेवली असेल, तर मालकाचा विचार बदलण्याची जोखीम एजंटाने पत्करलेली असते. तिथले एक न्यायाधीश लॉर्ड रसेल यांनी हिशेबच मांडला: ही रक्कम लॉर्ड चान्सेलरच्या वर्षभराच्या पगाराइतकी आहे आणि काम आठ-नऊ दिवसांचे आहे, एवढ्या मोबदल्यासाठी जोखीम घेणे परवडते.

निकाल न्याय्य होता. पण कायदा आपली बाजू सावरणार नाही हे एजंटांनीही त्यातून ओळखले आणि कराराच्या मसुद्यात कलमे वाढत गेली. मुदतीत घर कोणीही विकले, अगदी मालकाने स्वतः, तरी दलाली आमचीच, असे ‘सोल सेलिंग राइट्स’चे कलम करारांत आले. बेंटॉल खटल्यात मालकाला मिळालेली मोकळीक या एका कलमाने काढून घेतली. दुसरे कलम त्याहून जाचक: खरेदीला तयार आणि समर्थ गिऱ्हाईक आणून उभे केले की दलाली लागू, मग मालक विको वा न विको. बारीक अक्षरांतला हा फरक घर विकणाऱ्या सामान्य कुटुंबाला कळणे अवघड होते आणि कित्येकांना दोन एजंटांना दलाली मोजण्याची वेळ आली. अखेर १९७९ च्या एस्टेट एजंट्स ॲक्टने दलालीच्या अटी करारापूर्वीच सांगणे बंधनकारक केले. १९९१ च्या नियमांनी सोल एजन्सी आणि ही दोन, अशा तिन्ही कलमांचा अर्थ ठरावीक शब्दांत लेखी समजावून देण्याची सक्ती केली. ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

दरांचीही हीच कथा. व्यावसायिक संस्था दलालीचे दरपत्रक ठरवून देत, त्यामुळे घासाघीस करायला जागा कमी असे. मक्तेदारी आयोगाच्या १९६९ च्या अहवालानंतर १९७० मध्ये अशा ठरवून घेतलेल्या दरांवर बंदी आली. आज एकाच एजंटाकडे घर दिले तर टक्केवारी कमी आणि अनेकांकडे दिले तर जास्त, अशी तिथली सर्वसाधारण रीत आहे. अनेकांतल्या प्रत्येकाला फुकट जाणाऱ्या श्रमांची किंमत यशस्वी सौद्यातून काढावी लागते. दोघांनी मिळून काम करून दलाली वाटून घेण्याचा मधला मार्गही आहे. एजंट कितीही असोत, घरापुढे विक्रीची पाटी मात्र एकच, फार तर दोन फळ्या जोडून केलेली, लावता येते. जाहिरातींच्या नियमांत तेवढीच सूट आहे.

अनेकांना सांगितले की वाद होतो तो गिऱ्हाईक कोणाचे यावर. २००८ मध्ये फॉक्सटन्स या लंडनच्या एजन्सीचा दावा अपील कोर्टापुढे आला. तिने एका कुटुंबाला घर दाखवले, त्यांना ते घ्यावेसे वाटले नाही. पुढे दुसऱ्या एजंटामार्फत त्याच कुटुंबाने तेच घर घेतले. लॉर्ड न्यूबर्गर यांनी निकाल दिला की माणसाला घर दाखवणे पुरेसे नाही, त्याला खरेदीपर्यंत आणणारा एजंटच दलालीचा हक्कदार.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९०८ साली शिकागोत दलालांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे घरांची सामाईक यादी ठेवण्याची पद्धत रुजली. मालकाचा करार एकाशीच, पण यादी सर्वांना खुली आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याला दलालीत वाटा. सोयीची वाटणारी ही रचना मालकावर दोन एजंटांचा खर्च टाकते, या तक्रारीवर २०२३ मध्ये मिसुरीतील ज्यूरीने संघटनेविरुद्ध कौल दिला आणि ऑगस्ट २०२४ पासून वाट्याचा आकडा यादीत छापणे बंद झाले.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा कायद्यातून जुळतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्यावरच एजंटाचा मोबदला देय होतो (कलम २१९). ठरावीक मुदतीची नेमणूक पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडली तर भरपाई द्यावी लागते (कलम २०५). मुंबई-पुण्यात जुना फ्लॅट विकताना तो एकाच वेळी अनेक दलालांच्या कानावर घालण्याची आणि दलाली तोंडी ठरवण्याची रीत सर्रास दिसते. १ मे २०१७ पासून महारेरा हे बांधकाम क्षेत्राचे नियामक प्राधिकरण सुरू झाले आणि एजंटांना नोंदणी सक्तीची झाली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत मालक आणि दलाल यांचे नाते आजही त्या १८७२ च्या कायद्यावर आणि दोघांत झालेल्या करारावरच चालते.