होंगीच्या नजरेच्या टप्प्यात

साल १८२१. न्यूझीलंडच्या उत्तरेला, केरीकेरीच्या खाडीकाठी तुम्ही उभे आहात आणि पायाखाली लाकडाचा ओलसर भुसा आहे. खड्ड्यावर कौरीचा अजस्र ओंडका आडवा टाकलाय. एक माओरी करवत्या वर, दुसरा खाली खड्ड्यात. खालच्याचे केस, भुवया, पापण्या भुशाने माखल्या आहेत. फळीवरून हात फिरवून बघा. एकही गाठ लागत नाही, कारण कौरीचं खोड बऱ्याच उंचीपर्यंत बिनफांदीचं वाढतं. याच फळ्यांतून चर्च मिशनरी सोसायटीचे सुतार पाद्री जॉन बटलरसाठी दुमजली घर उभारताहेत.

आता मान वर करा. पाण्यापलीकडच्या टेकाडावर कोरोरिपो पा आहे, ङापुही या माओरी जमातीचा प्रमुख होंगी हिका याची तटबंदीची वस्ती. १८१९ मध्ये मिशनरी सॅम्युअल मार्सडनने ४८ कुऱ्हाडी देऊन इथली जमीन घेतली, ती होंगीकडूनच. होंगी यंदाच इंग्लंडहून परतलाय. तिथे त्याने माओरी भाषेचं व्याकरण रचायला मदत केली, राजा चौथ्या जॉर्जची भेट घेतली आणि येताना सिडनीतून बंदुका आणल्या. सप्टेंबरात त्याच्या युद्धहोड्या दक्षिणेकडे निघतील. पाद्र्यांना ही युद्धं रुचत नाहीत, पण बोलणार कुणाला? ब्रिटिश आणि माओरी प्रमुखांमधला वैतांगीचा करार व्हायला अजून एकोणीस वर्षं आहेत, इथे ब्रिटिशांचं राज्य नाही. बटलरच्या घराला आसरा आहे तो होंगीच्या शब्दाचा. देशात टिकून राहिलेली ही सगळ्यात जुनी युरोपीय इमारत, असं कौतुकाने सांगितलं जातं. तिला कुणी टिकू दिलं, हेही तितक्याच आवाजात सांगायला हवं.

१८२२ मध्ये घर पूर्ण होतं, वर्षभरातच बटलर निघून जातो. १८३२ मध्ये मिशनरी जोडपं जेम्स आणि शार्लट केम्प राहायला येतं, आणि शेजारी दगडी कोठार बांधायला घेतलं जातं. केम्पांच्या पिढ्या थेट १९७४ पर्यंत याच छपराखाली नांदतात. मग ते घर देशाच्या स्वाधीन करतात. १९८१ च्या पुरात नदी थेट खोल्यांत शिरते. पुढे पुराचा धोका कमी व्हावा म्हणून बाहेरून रस्ता काढून २००८ मध्ये शेजारचा वाहतुकीचा पूलही हलवला जातो.

कधी केरीकेरीला गेलात, तर आधी कोरोरिपोवर चढा. घर नंतर बघा.