दिवाळी योजनेला प्रायोजक कसा मिळवाल?

ठाणे, प्रतिनिधी – दसरा सरला की ठाण्यातील गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, डोंबिवलीतील फडके रोड आणि कल्याणमधील शिवाजी चौक परिसरातील दुकानांवर 'खरेदीवर हमखास भेटवस्तू'चे फलक झळकू लागतात. विवियाना या नावाने 2013 मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या मॉलसारख्या संकुलांकडे सणासुदीच्या जाहिरातीसाठी स्वतंत्र विभाग आणि राखीव निधी असतो. शंभर-दोनशे चौरस फुटांच्या दुकानाला मात्र हा सारा खर्च गल्ल्यातूनच करावा लागतो. प्रायोजकाची साथ मिळाल्यास हा भार हलका होतो. परंतु ती साथ कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या अटींवर मागावी याची माहिती नसल्याने अनेक योजना दुकानदाराच्याच अंगलट येतात.

वर्गणी नव्हे, व्यवहार

प्रायोजकाच्या आधारे सणाचा उपक्रम उभा करण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि त्यानंतरच्या शतकभरात दिवाळी अंकांचे अर्थकारण प्रामुख्याने जाहिरातदारांच्या बळावर उभे राहिले. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. नरक चतुर्दशीच्या पहाटे फडके रोडवर, तसेच ठाण्यात राम मारुती रोड आणि मासुंदा तलाव परिसरात तरुणाई लोटते. जेथे माणसे जमतात, तेथे आपले नाव दिसावे, ही व्यावसायिकाची स्वाभाविक इच्छा असते.

तथापि, मंडळाची वर्गणी आणि दुकानाचे प्रायोजकत्व यांत मूलभूत भेद आहे. वर्गणी श्रद्धेपोटी किंवा संबंधांखातर दिली जाते. प्रायोजक मात्र दिलेल्या रकमेच्या बदल्यात ग्राहक मागतो. त्यामुळे 'दिवाळीनिमित्त काही मदत करा' अशी विनंती घेऊन जाणाऱ्या दुकानदाराच्या हाती बहुधा फार तर हजार-पाचशे रुपये पडतात. 'आपले नाव एवढ्या घरांत पोहोचवतो' असे सांगणाऱ्याशी मात्र बोलणी सुरू होतात.

कोणाकडे जावे?

पहिला मार्ग आपल्याच पुरवठादाराचा. सणाच्या हंगामात वितरकांना आणि किरकोळ विक्रेत्यांना भेटवस्तू, स्टँडी, दर्शनी फलक किंवा जादा सवलत देण्यासाठी कंपन्या तरतूद करतात. ती आपणहून प्रत्येक दुकानापर्यंत पोहोचतेच असे नाही. वितरकामार्फत कंपनीच्या एरिया मॅनेजरकडे लेखी मागणी करावी लागते. मोबदल्यात दर्शनी कपाट किंवा काउंटरवरील जागा द्यावी लागते.

दुसरा मार्ग पूरक व्यवसायांचा. साडीच्या दुकानाला ब्लाउज शिवणारे, इमिटेशन ज्वेलरी विकणारे आणि ब्युटी पार्लर चालवणारे. मिठाईवाल्याला सुकामेव्याचे व्यापारी. स्टेशनरीच्या दुकानाला खासगी क्लास. ग्राहक एकच, परंतु माल परस्परांशी स्पर्धा न करणारा, ही येथील कसोटी होय.

तिसरा मार्ग सहकारी बँका आणि पतसंस्थांचा. डोंबिवली नागरी सहकारी बँक (1970), ठाणे जनता सहकारी बँक (1972) आणि कल्याण जनता सहकारी बँक (1973) या याच परिसरात जन्मलेल्या संस्था आहेत. अशा बँकेत शाखा व्यवस्थापकाची शिफारस मोलाची असली तरी खर्चाचा निर्णय सहसा मुख्य कार्यालयात होतो, हे ध्यानी घेऊन अर्ज लवकर द्यावा.

चौथा मार्ग बांधकाम व्यावसायिकांचा. येथे रक्कम मोठी असू शकते. मात्र पिशवीवर किंवा पत्रकावर गृहप्रकल्पाची जाहिरात छापायची असेल तर तीत महारेरा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही बंधनकारक झाला आहे. हा मजकूर प्रायोजकाकडूनच तयार करून घ्यावा.

एकट्या दुकानाचा ग्राहकवर्ग मोठ्या प्रायोजकाला अपुरा वाटतो. अशा वेळी एका रस्त्यावरील आठ-दहा दुकानांनी मिळून एकच योजना आखावी. 1996 मध्ये सुरू झालेला दुबई शॉपिंग फेस्टिव्हल असो वा जानेवारी 2018 मधील मुंबई शॉपिंग फेस्टिव्हल, अनेक दुकानांना एका छत्राखाली आणणे हेच त्यामागील सूत्र होते.

प्रस्ताव आकड्यांचा असावा

प्रायोजकाला दाखवण्याजोगा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे गेल्या वर्षीच्या दिवाळीतील बिलांची संख्या. समजा, एखाद्या दुकानात पंधरा दिवस रोज साठ बिले होतात. म्हणजे सुमारे 900 कुटुंबे. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी ही घरात टिकणारी, पुन्हा पुन्हा बाजारात जाणारी जाहिरात ठरली आहे. उदाहरणादाखल एका पिशवीचा खर्च 45 रुपये धरला, तर हजार पिशव्यांना 45 हजार रुपये लागतील. दोन प्रायोजकांनी प्रत्येकी 15 हजार दिल्यास दुकानदाराच्या वाट्याला 15 हजारच उरतात आणि प्रायोजकाला एका पिशवीमागे 15 रुपये पडतात. हे गणित एका पानात मांडता आले, तर वेगळ्या शिफारशीची गरज भासत नाही.

वेळेचा हिशेब वसुबारसेपासून उलट मोजावा. छपाई आणि पिशव्यांसाठी तीन आठवडे, मंजुरीसाठी महिना-दीड महिना धरल्यास गणेशोत्सवापूर्वी प्रस्ताव प्रायोजकाच्या टेबलावर पोहोचायला हवा. नवरात्रात केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.

'लकी ड्रॉ'ची लक्ष्मणरेषा

बक्षीस म्हटले की दुकानदाराला प्रथम लकी ड्रॉ आठवतो. कायद्याचा धोकाही येथेच सर्वाधिक आहे. खरेदीची अट, नशिबाने निवड आणि बक्षीस हे तिन्ही घटक एकत्र आले की योजनेला लॉटरीचे स्वरूप येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 नुसार अनधिकृत सोडतीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत विक्रीवाढीसाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा वा कौशल्याचा खेळ यांचा समावेश आहे. देण्याचा हेतू नसताना बक्षीस जाहीर करणे, मूळ किमतीतच दर समाविष्ट करून वस्तू 'मोफत' म्हणवणे आणि योजना संपल्यावर निकाल दडवणे, या गोष्टीही त्याच व्याख्येत येतात.

म्हणून ठरावीक खरेदीवर प्रत्येकाला हमखास भेट, हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. प्रायोजकाला गर्दीच हवी असेल, तर मुलांची किल्ले बांधणी, आकाशकंदील किंवा रांगोळीची स्पर्धा घ्यावी. तिला प्रवेश विनामूल्य व सर्वांसाठी खुला ठेवावा आणि खरेदीच्या बिलाशी तिचा संबंध जोडू नये. मोठ्या रकमेची सोडत काढण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

कराचे काय?

मोफत वाटलेल्या भेटवस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. खर्चाचा अंदाज करताना ही रक्कम धरावी. प्रायोजकत्वाच्या सेवेवरही जीएसटी आहे. दुकान एकल मालकीचे अथवा भागीदारीचे असून प्रायोजक कंपनी वा भागीदारी संस्था असेल, तर कर प्रायोजकाने थेट भरायचा असतो. 16 जानेवारी 2025 पासून सेवा देणारी स्वतः कंपनी असल्यास तिनेच कर आकारून भरायचा आहे. केवळ जाहिरातीची जागा विकली असेल तर नियम वेगळे लागतात, म्हणून बिलावर काय लिहावे हे करसल्लागाराला विचारावे. कंपनीकडून व्यावसायिकाला वर्षभरात 20 हजार रुपयांहून अधिक मूल्याचे लाभ वस्तुरूपाने मिळाल्यास 10 टक्के उद्गम करकपातीची तरतूद 1 जुलै 2022 पासून आहे. सोडतीतील बक्षीस 10 हजारांहून मोठे असल्यास 30 टक्के कर कापावा लागतो. बक्षीस वस्तुरूप असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ते विजेत्याच्या हाती द्यायचे असते.

फलक लावताना

प्रायोजकाचे नाव चौकात झळकवण्याच्या उत्साहात परवानगीचा विसर पडतो. दुकानाबाहेरच्या जाहिरात फलकासाठी महापालिकेची, म्हणजे ठाण्यात ठाणे महापालिकेची तर कल्याण-डोंबिवलीत तेथील महापालिकेची, परवानगी लागते. 1995 च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्यानुसार विनापरवाना फलकबाजीस तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलकांविरुद्ध कठोर आदेश दिले होते. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे महाकाय फलक कोसळून 17 जणांचा बळी गेला. त्यानंतर या प्रश्नाकडे केवळ विद्रूपीकरण म्हणून पाहणे शक्य राहिलेले नाही.

नाव दुकानाचे, जबाबदारीही दुकानाची

प्रायोजकाने ऐनवेळी हात आखडता घेतला, तर ग्राहक त्याच्या दारी जात नाही. तो दुकानाच्या पायरीवर येतो. वर्षानुवर्षांच्या विश्वासाला एका न मिळालेल्या भेटवस्तूने तडा जातो. तोंडी आश्वासनावर फलक छापणे हा या व्यवहारातील सर्वांत महागडा प्रमाद होय. रक्कम, हप्ते, वस्तू कोण खरेदी करणार, नाव कोठे व किती आकारात छापणार, त्याच क्षेत्रातील दुसरा प्रायोजक घ्यायचा की नाही आणि माघार घेतल्यास भरपाई काय, एवढ्या गोष्टी दोघांच्या सहीने कागदावर याव्यात.

काही प्रायोजक मोबदल्यात ग्राहकांचे मोबाइल क्रमांक मागतात. 2023 मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे. ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याखेरीज यादी देऊ नये.

दिवाळी संपल्यावर आठवडाभरात वाटलेल्या वस्तूंची संख्या, बिलांची तुलना आणि छायाचित्रे यांचा एक-दोन पानी अहवाल प्रायोजकाला द्यावा. पाडव्याला पुन्हा त्याच दारी जायचे असेल, तर हा अहवालच कामी येतो.

हे लक्षात ठेवा

- प्रस्ताव गणेशोत्सवापूर्वी द्या. गेल्या वर्षीच्या बिलांचा आकडा जोडा.
- निम्मी रक्कम किंवा प्रत्यक्ष वस्तू हाती आल्याशिवाय फलक छापू नका.
- लकी ड्रॉऐवजी हमखास भेटीला प्राधान्य द्या.
- 'साठा संपेपर्यंत' ही अट असल्यास ती ठळक अक्षरांत छापा आणि वस्तूंची संख्या लिहा.
- योजनेचा निकाल दुकानात लावा. वृत्तपत्रात जाहिरात केली असल्यास त्याच वृत्तपत्रात प्रसिद्ध करा.
- फलकाची परवानगी आणि प्रायोजकाचा करार एकाच फाइलमध्ये ठेवा.