अभ्रिका-छायाचित्रण

ताऱ्यांच्या दरम्यान विखुरलेल्या वायू व धूळ यांच्या दीप्तिमान मेघांची छायाचित्रे घेण्याच्या तंत्राचा विकास मुख्यतः मृग नक्षत्रातील बृहत् अभ्रिकेच्या वेधांतून झाला. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस ही अभ्रिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावाहून (सु. २०° उ. अक्षांश) पाहता डिसेंबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास ती दक्षिण क्षितिजावर सु. ६४° उंचीवर असते.

हेन्री ड्रेपर या अमेरिकन ज्योतिर्विदांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी या अभ्रिकेचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्रू कॉमन यांनी ३६ इंची परावर्तक दूरदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. प्रकाशाचा परिणाम साठविण्याचा काचपट्टिकेचा गुण त्यामुळे सिद्ध झाला.

अभ्रिका कशाने प्रकाशते, हा प्रश्न मात्र वर्णपटविज्ञानाचा होता. अभ्रिकेची मुख्य हिरवी वर्णरेषा हा मॅग्नेशियमाच्या वर्णपट्टाचा अवशेष असून अभ्रिका म्हणजे उल्कांचे समूह होत, असे नॉर्मन लॉक्यर यांचे मत होते. ते खरे असते, तर ही रेषा एका बाजूस अस्पष्ट दिसावयास हवी होती. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयाच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगामवाला (१८५७–१९३८) यांनी केलेल्या निरीक्षणांत ती तीक्ष्ण आढळली. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लॉक्यर यांच्या मताच्या विरुद्ध होता. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही नायगामवाला यांनी जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडईकनालला गेली. त्यांत त्या काळी भारतातील सर्वांत मोठा असलेला २० इंची ग्रब दूरदर्शकही होता. एका व्यक्तीवर अवलंबून असलेले कार्य त्या व्यक्तीबरोबरच थांबले आणि महाराष्ट्रातील खगोलभौतिकीची एक परंपरा रुजण्यापूर्वीच खंडित झाली.

अभ्रिकांना प्रकाश जवळच्या ताऱ्यांपासून मिळतो, हे एडविन हबल यांनी १९२२ मध्ये दाखविले. मुख्य हिरवी रेषा द्विआयनित ऑक्सिजनाची आहे, हे आयरा बोएन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे ‘नेब्यूलियम’ या कल्पित मूलद्रव्याची आवश्यकता उरली नाही. मृग अभ्रिकेतील समलंब चौकोनी तारकासमूहात थीटा–१ सी हा अत्युष्ण तारा आहे. मुख्यतः त्याच्याच जंबुपार प्रारणाने हायड्रोजनाचे आयनीभवन होते. इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाताना ६,५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. क्षीण प्रकाशात डोळ्यांना रंग जवळजवळ जाणवत नाहीत. छायाचित्रात मात्र ते प्रकट होतात.

तारा व अभ्रिका यांच्या तेजस्वितेत फार मोठा फरक असल्याने एकाच उद्भासनात दोन्ही नीट मिळत नाहीत. दीर्घ उद्भासनात बाहेरील तंतू उमटतात, परंतु मध्यभाग अतिप्रकाशित होऊन प्रकाशदाता तारा लोपतो. अल्प उद्भासनात तारा स्पष्ट होतो, पण मेघ नाहीसा होतो. म्हणून भिन्न कालावधींची छायाचित्रे घेऊन ती एकत्रित करतात. आता काचपट्टिकेची जागा इलेक्ट्रॉनीय अभिज्ञातकांनी घेतली असली, तरी ही अडचण व तिच्यावरील हा उपाय दोन्ही कायम आहेत.