नाचऱ्या चालीतला शोक

फ्रेंच गीतात शब्दाची प्रतिष्ठा मोठी. एदिथ पियाफ किंवा जॉर्ज ब्रासाँ यांना ऐकणारा रसिक आधी शब्दांकडे कान देतो, मग चालीकडे. रॉक संगीतात मात्र राज्य ठेक्याचे. ही दोन घराणी एका छपराखाली नांदविण्याचे साहस ज्यांनी केले, त्यांत कातरीन रँजेर व फ्रेद शिशँ या पॅरिसच्या जोडीचे नाव अग्रभागी आहे.

१९७९ साली एका संगीत-नाटकाच्या निमित्ताने दोघे भेटले, आणि पुढे संसार व संगीत एकत्रच चालले. जोडीला नाव दिले ‘रीता मित्सुको’. यातले ‘मित्सुको’ हे एका प्रसिद्ध अत्तराचे नाव. लोक ते गायिकेचेच नाव समजू लागले, तेव्हा आरंभी अनेकवचनी ‘ले’ लावणे भाग पडले!

मार्सिया मोरेत्तो ही अर्जेंटिनाची नर्तकी. रँजेरने तिच्याबरोबर काम केले होते. १९८१ साली कर्करोगाने ती ऐन तारुण्यात गेली. तिच्यावरचे ‘मार्सिया बाइला’ हे गीत १९८४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आले आणि पुढच्या वर्षी साऱ्या फ्रान्सच्या ओठी बसले. विरहाला मंदाक्रांताच शोभावी, असा आपला संस्कार. इथे मात्र मृत्यूची वार्ता लॅटिन अमेरिकेच्या नाचऱ्या ठेक्यावर येते. यात विसंगती नाही. नर्तकीला निरोप द्यायचा तो नाचूनच.

हीच रीत त्यांनी इतिहासालाही लावली. रँजेरचे वडील साम रँजेर हे पोलंडमधील ज्यू चित्रकार, नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेले. १९८८ च्या ‘ल पती त्रँ’, म्हणजे ‘छोटी आगगाडी’, या गीताची चाल बालगीतासारखी खेळकर आहे. पण ही गाडी जाते ती छावण्यांकडे. शेताशिवारांतून हसत धावणारी गाडी आत काय वाहून नेत आहे, हे उमगताच ऐकणाऱ्याचे पाय थबकतात. उघड विलापाने हे साधले असते काय?

२८ नोव्हेंबर २००७ रोजी शिशँही कर्करोगानेच गेला. वय अवघे ५३. दुसऱ्याच वर्षी रँजेर जोडीची गाणी घेऊन एकटी रंगमंचावर उभी राहिली. मार्सियासाठी रचलेला निरोप आता दोघांचा झाला होता. चाल मात्र तीच राहिली, नाचरी.