छातीवरील ओझें : सेलमच्या इ. स. १६९२ मधील तीन जबान्या

न्यायसभेपुढें शपथेवर दिलेली जबानी हें इतिहासाचें अव्वल दर्जाचें साधन होय, असें आपण मानतों. आणि तें बहुतांशीं खरेंहि आहे. जबानी समकालीन असते, देणाराचें नांव व वय तींत बहुधा नमूद असतें, आणि शपथेचें बंधन त्याजवर असतें. परंतु जबानी देणारा प्रामाणिक, लिहिणारा विश्वासू व कागद अस्सल असूनहि तींतील मुख्य गोष्ट घडलेलीच नसेल, तर संशोधकानें काय करावें? या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत, सेलम येथें, इ. स. १६९२ सालीं चाललेल्या चेटकाच्या खटल्यांचे कागद फार उपयोगी आहेत. त्यांतील तीन जबान्या आम्ही येथें विचारार्थ घेतल्या आहेत.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. या खटल्यांसाठीं नेमलेल्या खास न्यायसभेचें मूळ नोंदणीपुस्तक नष्ट झालें आहे. राहिले आहेत ते सुटे कागद : फिर्यादी, पकडहुकूम, आरोपींच्या प्राथमिक तपासण्या आणि साक्षीदारांच्या जबान्या. वुडवर्ड यानें इ. स. १८६४ मध्यें ते दोन भागांत छापले. पुढें १९३८ मध्यें त्यांची टंकलिखित नक्कल तयार झाली, १९७७ मध्यें बॉयर व निसेनबॉम यांनीं ती तीन खंडांत प्रसिद्ध केली, आणि २००९ मध्यें रोझेंथल व त्यांचे सहकारी यांनीं सर्व कागद पुन्हां मुळांशीं ताडून, तारीखवार लावून छापले. या शेवटच्या आवृत्तींत कोणता कागद कोणाच्या हस्ताक्षराचा आहे हें ठरविण्याचाहि यत्न आहे. हस्तलिखितें हाताळणारांस या श्रमाचें मोल सांगावयास नको.

पहिली जबानी जॉन लाउडर याची. वय सुमारें ३२. तो सांगतो कीं, सात आठ वर्षांपूर्वीं आपण सेलममध्यें जॉन गेडनीच्या घरीं राहत असतां ब्रिजेट बिशप या बाईशीं, तिच्या कोंबड्या बागेंत शिरतात यावरून, आपली बोलाचाली झाली. त्यानंतर कांहीं दिवसांनीं, प्रकृति बरी असतां निजलों, तों ऐन मध्यरात्रीं छातीवर मोठें ओझें पडल्यासारखें वाटून जाग आली. चांदणें स्वच्छ होतें. पोटावर ब्रिजेट बिशप, किंवा तिच्यासारखी आकृति, बसलेली दिसली. सुटण्यासाठीं हात काढूं पाहिले, तों तिनें गळा धरला. हातांत प्रतिकार करण्याचें बळच राहिलें नाहीं. आणि जवळ जवळ उजाडेपर्यंत तिनें असें दाबून ठेवलें.

दुसरी रिचर्ड कोमन याची. हाहि ३२ वर्षांचा, आणि गोष्टहि आठ वर्षांपूर्वींची. तो पत्नीसह निजला असतां ब्रिजेट बिशप आणखी दोघी स्त्रियांसह आंत आली व त्याच्या छातीवर अशी पडली कीं, त्यास बोलतां येईना, हालतां येईना, शेजारच्या पत्नीस जागें करण्याची खटपट करूनहि तें साधेना. दुसऱ्या रात्रीं पुन्हां तसेंच झालें. तेव्हां एका नातलगानें सल्ला दिला कीं, तलवार अंगावर आडवी ठेवून नीज.

तिसरी बर्नार्ड पीच याची, सुसाना मार्टिन हिच्याविरुद्ध. रविवारीं रात्रीं तो बिछान्यांत असतां खिडकीशीं खरवडल्याचा आवाज झाला आणि सुसाना मार्टिन खिडकींतून आंत उतरली. तिनें पाय धरून त्याच्या देहाची मोटळी केली व ती सुमारें पावणेदोन तास त्याजवर पडून राहिली. तेवढा वेळ त्यास हालतां किंवा बोलतां आलें नाहीं. मग अंग सैल होऊं लागलें, तेव्हां त्यानें तिचा हात तोंडाशीं ओढून तीन बोटांस चावा घेतला.

या तिन्ही जबान्या शेजारीं ठेविल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणें नजरेस येते. वेळ रात्रीची, ठिकाण बिछाना; मनुष्य स्वतःस जागा समजतो व खोली ओळखतो; छातीवर भार; हात पाय व जीभ निकामी; आणि शेवटीं सारें आपोआप सुटणें. जुळवून खोटी साक्ष देणारा हीं सारीं लक्षणें इतक्या बिनचूक रीतीनें देता ना. कोमनचें शेजारीं निजलेल्या पत्नीस हांक मारतां न येणें हा तपशील तर ज्यानें तें भोगलें त्यालाच सुचावा.

हीं लक्षणें वैद्यांस नवीं नव्हतीं. ग्रीक वैद्यकांत या विकारास ‘एफिआल्तिस’, म्हणजे अंगावर उडी घेणारा, असें नांव होतें. लॅटिन ग्रंथकार सीलियस ऑरेलियानस यानें, सोरेनसच्या आधारें, हा कोणी देव वा उपदेव नसून शरीराचा विकार आहे असें स्पष्ट सांगितलें आहे. दहाव्या शतकांत बुखाऱ्याचा वैद्य अखवैनी यानें आपल्या फारसी ‘हिदायत’ ग्रंथांत ‘काबूस’ या नांवाखालीं याचें विवेचन करून पोटांतून मेंदूकडे चढणाऱ्या वाफा हें त्याचें कारण दिलें. त्या ग्रंथाची हिजरी ४७८ मधील प्रत ऑक्सफर्ड येथें बॉडलियन ग्रंथालयांत आहे. उट्रेख्टचा प्राध्यापक डीमरब्रूक (मृत्यु १६७४) यानें तर पन्नाशींतील एका धट्ट्याकट्ट्या बाईची हकीकत लिहून ठेविली आहे. तिला निजतेवेळीं कधीं सैतान, कधीं मोठा कुत्रा, कधीं चोर छातीवर पडल्यासारखा वाटे, आणि तो लोटूं गेल्यास अवयव हालत नसत. डीमरब्रूकनें हा शरीराचा रोग म्हणूनच वर्णिला. त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर लंडनमध्यें इ. स. १६८९ सालीं, म्हणजे सेलमच्या खटल्यांपूर्वीं अवघीं तीन वर्षें, छापलें गेलें. पुस्तकांत असलेलें ज्ञान न्यायासनापर्यंत पोहोंचलें नाहीं, हें या प्रकरणांतील मोठें दुर्दैव होय.

आतां कारणाचा उलगडा बराच झाला आहे. झोंप लागतांना दिसणाऱ्या भासांस मोरी या फ्रेंच विद्वानानें १८४८ मध्यें शास्त्रीय नांव दिलें; आणि झोंपेंतील पक्षाघात या अर्थाची संज्ञा किनियर विल्सन या इंग्रज वैद्यानें १९२८ मध्यें योजिली. १९५३ मध्यें शिकागो येथें आसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं असें दाखविलें कीं, झोंपेच्या एका विशिष्ट अवस्थेंत बंद पापण्यांखालीं डोळे जलद फिरतात व स्वप्नें पडतात. याच अवस्थेंत हातापायांचे स्नायु मेंदूच्या आज्ञेनें ढिले पडलेले असतात; नाहींतर मनुष्य स्वप्नांतील पळापळ बिछान्यांतच करूं लागला असता. क्वचित् जाग आधीं येते व स्नायूंचें बंधन मागाहून सुटतें. त्या अवधींत डोळे उघडतात, खोली दिसते, पण देह हालत नाहीं. छातीच्या फासळ्यांमधील स्नायूहि ढिले असल्यामुळें हवा तसा दीर्घ श्वास घेतां येत नाहीं, आणि तेंच छातीवरचें ओझें भासतें. अपुरें राहिलेलें स्वप्न जागेपणींच्या देखाव्यांत मिसळून त्या ओझ्यास रूप देतें. हा प्रकार बहुधा कांहीं क्षण ते कांहीं मिनिटें चालतो. उताणें निजणें व अपुरी झोंप यांनीं तो बळावतो. शंभरांत सुमारें आठ माणसांस आयुष्यांत एकदां तरी याचा अनुभव येतो, असें आजवरच्या पाहण्यांवरून दिसतें. आपल्याकडेहि ‘झोंपेंत भूत छातीवर बसलें’ असें सांगणारे लोक भेटतात, ते याच अनुभवाविषयीं बोलत असतात.

तेव्हां आमच्या मतें अशा जबानींत तीन थर वेगळे करावे लागतात. पहिला अनुभवाचा : भार, जखडलेपण, गुदमरणें. हा खरा आहे, व तो नाकारण्याचें कारण नाहीं. पीचचे पावणेदोन तास किंवा लाउडरची उजाडेपर्यंतची रात्र ही मात्र भीतीनें लांबविलेली वेळ समजावी. दुसरा ओळखीचा : बसलेलें तें कोण? येथें मन जवळचें नांव उचलतें, आणि तें कोठून येतें हें लाउडरनें स्वतःच कोंबड्यांच्या भांडणांत सांगून ठेविलें आहे. तिसरा आरोपाचा. सात आठ वर्षें मनांत राहिलेली रात्र न्यायसभेनें विचारतांच पुरावा झाली. ब्रिजेट बिशपवर १६८० मध्येंहि चेटकाचा आळ आला होता. म्हणजे नांव आधींच तयार होतें. लाउडरच्या जबानींतील ‘किंवा तिच्यासारखी आकृति’ या आशयाचे शब्द फार मोलाचे आहेत. साक्षीदाराची प्रामाणिक शंका कागदांत शिल्लक राहिली. निकालांत ती राहिली नाहीं.

येथें मर्यादाहि सांगितली पाहिजे. सेलमचें सारें प्रकरण या एका विकारानें उलगडत नाहीं. भर दिवसा न्यायसभेंत मुलींस येणारे झटके निराळे. शेजाऱ्यांचीं भांडणें व सरहद्दीवरील युद्धाची धास्ती हीं कारणें निराळीं. लाउडरच्याच जबानींत पुढें दिवसाढवळ्या दिसलेलें, माकडाच्या धडाचें व कोंबड्याच्या पायांचें एक काळें जनावर आहे. त्यास वरील खुलासा जसाच्या तसा लावणें धाडसाचें होईल. एका किल्लीनें सर्व कुलपें उघडूं पाहणें हा संशोधनांतील जुना दोष आहे.

ब्रिजेट बिशप हिची चौकशी २ जून १६९२ रोजीं झाली व १० जूनला तिला फांशी दिलें. सुसाना मार्टिन हिला १९ जुलै रोजीं तीच शिक्षा झाली. एकंदर १९ जण फांशीं गेले, आणि जाइल्स कोरी हा उत्तर देण्याचें नाकारल्यामुळें दगडांखालीं दाबून मारला गेला. छायारूपें दिसल्याचा पुरावा ग्राह्य धरूं नये, असें इन्क्रीझ मेदर या धर्मोपदेशकानें ऑक्टोबरमध्यें लिहून मांडलें, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर फिप्स यानें न्यायसभा मोडली. १७११ मध्यें अनेकांवरील कलंक कायद्यानें पुसला गेला. परंतु या दोघींचीं नांवें त्या यादींत नव्हतीं. तीं कायद्यांत येण्यास २००१ साल उजाडावें लागलें.

आपल्या संग्रहांतहि चेटूक, करणी किंवा पिशाचबाधा यांच्या तक्रारींचा एखादा कागद हातीं लागल्यास, तो वेडगळ म्हणून बाजूस टाकूं नये आणि अक्षरशः खराहि मानूं नये. साक्षीदारास काय वाटलें, त्यानें नांव कोणाचें घेतलें, आणि तें नांव घेण्यास कोणी व केव्हां विचारलें, हे तीन प्रश्न त्या कागदास स्वतंत्रपणें विचारावे. सेलमच्या न्यायाधीशांनीं ते एकत्र विचारले, आणि तीन खऱ्या रात्रींच्या आधारें दोन निरपराध स्त्रियांचे प्राण घेण्यास हातभार लागला.