मेजर मोहरकर कोणत्या युद्धात गेले?

मागच्या 26 जुलैला एका शाळेत कारगिलवर बोलायला गेलो होतो. शेवटी सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, आपले पवनीचे मेजर मोहरकर कोणत्या युद्धात गेले?" मी म्हटलं, तेव्हा युद्ध नव्हतं बाळा. तो म्हणाला, "मग गोळी कशी लागली?"

पोरं हसली. मला काही धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

मेजर प्रफुल्ल अंबादास मोहरकर, पवनी तालुक्यातले, वय 32. शनिवार, 23 डिसेंबर 2017. राजौरी जिल्ह्यात केरी सेक्टरमध्ये नियंत्रण रेषेजवळ त्यांची तुकडी गस्तीवर होती. पलीकडून पाकिस्तानी सैन्यानं गोळीबार केला. मेजर गेले. त्यांच्यासोबत लान्स नायक गुरमेल सिंग, लान्स नायक कुलदीप सिंग आणि शिपाई परगट सिंग हेही गेले. अधिकारी आपल्या वैनगंगेकाठचा, जवान पंजाब-हरियाणाचे. आपल्या बॅनरवर मात्र एकच फोटो असतो. बाकी तिघांची नावं चौकात कुणालाही विचारून पाहा.

इकडे तेव्हा धानाचा हंगाम होता, लोक खरेदी केंद्रावर काट्याची वाट पाहत होते. देशात कुठंच युद्ध जाहीर झालेलं नव्हतं.

उलट कागदावर शांतताच होती! 1949 च्या कराची करारानं युद्धबंदी रेषा आखली गेली. 1971 च्या युद्धानंतर सिमला करार झाला आणि 1972 मध्ये तिचीच नियंत्रण रेषा झाली. जवळपास 740 किलोमीटर डोंगर, जंगल, नाले. कारगिलमध्ये 527 जवान गमावल्यावर, 26 नोव्हेंबर 2003 पासून दोन्ही देशांनी या रेषेवर बंदुका शांत ठेवायचं ठरवलं. मोहरकर गेले तेव्हा त्या समझोत्याला चौदा वर्षं होऊन महिनाही उलटला नव्हता. आधीची काही वर्षं तो नावालाच उरला होता, सकाळ-संध्याकाळ गोळीबार चालायचा. दोनच दिवसांनी आपल्या एका छोट्या तुकडीनं रेषा ओलांडून तीन पाकिस्तानी सैनिक मारल्याच्या बातम्या आल्या. शस्त्रसंधी पाळायचं दोन्ही सैन्यांनी पुन्हा जाहीर केलं ते थेट 25 फेब्रुवारी 2021 ला.

आणखी एक गोष्ट, जी अनेकांना ठाऊक नसते. आपण 'शहीद' म्हणतो, पण लष्कराच्या कागदपत्रांत हा अधिकृत शब्दच नाही. तिथं नोंद होते 'बॅटल कॅज्युअल्टी'. ऐकायला कोरडं वाटतं, मान्य. पण सीमेवरच्या गोळीबारात गेलेला जवान आणि जाहीर युद्धात गेलेला जवान, दोघांची नोंद याच नावाखाली होते आणि कुटुंबाच्या पेन्शनचा हक्क त्यावर ठरतो. म्हणजे सरकारी फाईल त्या पोराच्या बाजूची आहे. युद्ध नव्हतं असं म्हणणारे आपणच.

दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं, तेव्हा तिथल्या ग्रॅनाइटवर 25,942 नावं होती. 1962, 1965, 1971, 1999 ची तर आहेतच, पण ज्या तारखांना कुणी दिवस साजरा करत नाही त्या तारखांचीही आहेत.

येत्या 23 डिसेंबरला त्याच शाळेत जायचं ठरवलंय. हेडमास्तरांशी बोलणं झालंय. परिपाठात चारही नावं वाचायची, हुद्द्यासकट. वाचायला त्याच पोराला उभं करणार आहे.